धुराचा जमाखर्च

कार्तिक सरत आला की संध्याकाळी गावावर एक निळसर पट्टा दिसू लागतो. चुली पेटलेल्या असतात, कुणीतरी पालापाचोळा जाळलेला असतो, रस्त्यावरून गेलेल्या ट्रकची धूळ अजून खाली बसलेली नसते. तो पट्टा घरांच्या छपरांच्या थोडा वर येऊन थांबतो आणि तिथेच आडवा पसरतो. आपण तो पाहतो, डोळे चोळतो, दोनदा खोकतो आणि दार लावून घेतो. पण हा धूर नेमका कुणाचा, असे विचारले तर काय उत्तर द्याल? शेजाऱ्याच्या चुलीचा किती, वीटभट्टीचा किती, चार कोसांवरच्या वीज केंद्राच्या चिमणीचा किती? नुसत्या डोळ्यांनी हे सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब कसा मांडतात आणि तो चुकला तर कुणाचे काय बिघडते, हे आज तुम्हांला सांगायचे आहे.

हवेतल्या धुराकडे जगाचे लक्ष वेधले ते लंडनच्या धुक्याने. १९५२ साली ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस त्या शहरावर कोळशाचा धूर आणि धुके एकत्र साचून राहिले. हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. आपल्याकडे हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१ साली आला. या विषयावर काम करणारी देशातली एक प्रमुख संस्था मात्र आपल्या नागपुरातच आहे. १९५८ मध्ये ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, या नावाने आपण तिला ओळखतो. पुढे जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. त्याच्या पहिल्या यादीत १०२ शहरे होती आणि त्यांत नागपूरचे नाव होते. म्हणजे विषय लांबचा नाही, आपल्या दारातला आहे.

आता हवामान खाते पावसाचा अंदाज देते हे तुम्हांला ठाऊक आहे. तसाच धुराचाही अंदाज देता येतो. उद्या सकाळी शहरात हवा किती वाईट असेल, एखादी भट्टी बंद केली तर किती फरक पडेल, हे संगणकावर आधी काढून पाहता येते. ज्या गणिती मांडणीने हे काढतात तिला प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. कल्पना करा, की साऱ्या विदर्भावर आकाशापर्यंत खोकी रचून ठेवली आहेत. प्रत्येक खोक्यात एका बाजूने वारा शिरतो, दुसऱ्या बाजूने निघतो, खालून धूर मिसळतो, आणि पावसाने किंवा जमिनीवर बसून काही धूर कमी होतो. प्रत्येक खोक्याची अशी आवक-जावक यंत्र मांडत जाते आणि शेवटी हवेत किती धूर उरला ते सांगते.

या कामाला दोन गोष्टी लागतात. एक वाऱ्याची माहिती आणि दुसरी धुराची. वाऱ्याची माहिती बऱ्यापैकी मिळते. हवामान खाते नागपुरातून यंत्र बांधलेला फुगा आकाशात सोडते. तो वर जाता जाता वारा, उष्णता आणि ओलावा कळवत जातो. धुराला मात्र असे मीटर नाही. मोठ्या कारखान्यांच्या चिमण्यांवर मोजणी यंत्रे बसवलेली असतात. पण लाखो चुली, हजारो मोटारी, शेकडो भट्ट्या यांना कोण मीटर लावणार? त्यांचा धूर अंदाजाने काढावा लागतो. अशा साऱ्या धुरांच्या नोंदवहीला उत्सर्जन सूची म्हणतात.

अंदाज म्हटला की काहींना वाटेल, म्हणजे मनचा आकडा. तसे नव्हे. आपल्या खेड्यात आणेवारी काढतात, तिची आठवण करा. साऱ्या गावाचे पीक कुणी तोलून पाहत नाही. ठरावीक मापाचा तुकडा निवडतात, तेवढेच पीक कापून तोलतात आणि त्यावरून गावाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधतात. धुराचेही तसेच आहे. प्रयोगशाळेत एक किलो लाकूड चुलीत जाळून पाहतात आणि त्यातून किती ग्रॅम बारीक धूलिकण निघाले ते मोजतात. या आकड्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात. मग गावात किती लाकूड जळते ते शोधायचे आणि दोन्हींचा गुणाकार करायचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात ३०० घरांत लाकडाची चूल आहे. घरटी दिवसाला ४ किलो लाकूड लागते आणि किलोमागे ५ ग्रॅम बारीक कण निघतात. म्हणजे एका घरातून दिवसाला २० ग्रॅम, ३०० घरांतून ६ किलो आणि वर्षाला सुमारे २२०० किलो. सव्वादोन टनांच्या जवळपास. गणित तिसरी-चौथीचे आहे. कठीण आहे ते एवढेच, की ३०० घरे आणि ४ किलो हे आकडे खरे असले पाहिजेत. घरात गॅसची टाकी आहे म्हणून चूल बंद झाली, असे कागदावर धरले जाते. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि टाक्या दूरवर पोहोचल्या. पण टाकी संपल्यावर ती भरून आणायला पैसे नसले, की चूल पुन्हा पेटते. चहा गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, असेही अनेक घरांत चालते. ही गोष्ट टाक्यांच्या यादीवरून कळत नाही. ती घरात जाऊन विचारावी लागते.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण पाहा. नागपूरच्या उत्तरेला कोराडीचे वीज केंद्र आहे. तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. जवळच खापरखेड्याला १३४० मेगावॅटचे केंद्र आहे. ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला अदमासे दहा हजार टन कोळसा खातो. आपल्या कोळशात राख फार असते. १०० टनांत ३५ टन राख धरली, तर दिवसाची राख झाली ३५०० टन. त्यातली काही भट्टीच्या तळाशी पडते आणि २८०० टनांच्या आसपास धुराबरोबर वर उडते. ती पकडण्यासाठी चिमणीच्या अलीकडे विजेवर चालणारी यंत्रे असतात. या यंत्राने हजारातले ९९९ भाग पकडले तर बाहेर जाते २.८ टन. ९९५ भाग पकडले तर बाहेर जाते १४ टन. पाहा, कागदावर ९९.९ टक्के आणि ९९.५ टक्के हे आकडे भाऊभाऊ दिसतात. पण बाहेर पडणाऱ्या राखेत पाचपट फरक पडतो! म्हणून यंत्रावर कोणता आकडा कोरला आहे एवढे पाहून चालत नाही. ते यंत्र रोज प्रत्यक्षात कसे चालते, हे सूची तयार करणाऱ्याला कळले पाहिजे.

गंधकाचे गणित तर आणखी सरळ आहे. कोळशात शेकडा अर्धा भाग गंधक धरला, तर दहा हजार टनांत ५० टन गंधक आले. गंधक जळताना प्राणवायू घेते आणि त्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे वाटेत धुऊन काढण्याची सोय नसेल, तर दिवसाला १०० टन सल्फर डायऑक्साइड वायू हवेत जातो.

मग एवढ्या आकड्यांची बेरीज करून यंत्राला दिली की झाले काय? नाही. यंत्र आणखी तीन प्रश्न विचारते: कुठे, केव्हा आणि काय? खरी मेहनत इथेच आहे.

पहिला प्रश्न, कुठे. सरकारी आकडे बहुधा जिल्ह्याचे असतात. यंत्राला मात्र एकेका चौकटीचे लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने दिल्ली, पुणे, मुंबई या शहरांसाठी ‘सफर’ नावाची अंदाजसेवा उभी केली. तिच्यासाठी शहराच्या नकाशावर लहान लहान चौकटी आखून प्रत्येक चौकटीतल्या धुराची नोंद तयार केली गेली. आता समजा, नागपूर जिल्ह्यात वर्षाला किती लाकूड जळते तो एकच आकडा आपल्याकडे आहे. तो चौकटींत वाटायचा कसा? सोपा मार्ग म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणे. पण २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची वस्ती ४६ लाख ५३ हजार होती आणि एकट्या शहराची २४ लाख ५ हजार. म्हणजे चुलीचा अर्ध्याहून अधिक धूर शहराच्या खाती पडला. आमच्या रामदासपेठेत दवाखाने, दुकाने आणि उंच इमारती आहेत. इथल्या स्वयंपाकघरांत लाकूड क्वचितच दिसेल. तरी या वाटणीने रामदासपेठ चुलींच्या धुराने भरून गेलेली दिसेल, आणि भिवापूर, कुही, रामटेककडची खेडी कागदावर स्वच्छ ठरतील. जिल्ह्याची बेरीज बरोबर, पण वाटणी चुकली! आणि रामदासपेठेचा खरा धूर, म्हणजे वर्धा मार्गावर खोळंबलेल्या मोटारी, वीज गेल्यावर चालणारे डिझेलचे जनरेटर, बांधकामांची माती, हा भलत्याच रकान्यात जाऊन बसेल.

दुसरा प्रश्न, केव्हा. वर्षाच्या धुराला ३६५ ने आणि मग २४ ने भागून चालत नाही. चूल सकाळी आणि संध्याकाळी पेटते. वीटभट्टी पावसाळ्यात बंद असते. पऱ्हाटी आणि तुराट्या पीक निघाल्यावर जळतात, आणि धुरे उन्हाळ्यात साफ केले जातात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात, तो वसंतात. वेळेला एवढे महत्त्व कशासाठी? कारण हवेचे खोके रोज सारखे उंच नसते. मे महिन्यात दुपारी जमीन तापते, हवा उसळते आणि धूर दोन-दोन किलोमीटर उंच मिसळतो. डिसेंबरच्या रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. तेव्हा तोच धूर शे-दोनशे मीटरांत कोंडतो. खोक्याची उंची दहापट कमी झाली, तर तेवढ्याच धुराचा दाटपणा दहापट होतो. दुपारचा एक शेर धूर आणि रात्रीचा एक शेर धूर यांची किंमत छातीला सारखी नसते.

यातच उंचीचाही विचार आला. ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्या संचाची चिमणी २७५ मीटर उंच असावी, असा आपल्याकडे नियम झाला. थंडीच्या रात्री अशा चिमणीचा धूर त्या झाकणाच्या वर निघून जाऊ शकतो आणि खालच्या गावाला पहाटे काहीच जाणवत नाही. पण सकाळी ऊन चढले, झाकण मोडले, की वरचा धूर खाली मिसळतो. नऊ-दहाच्या सुमारास, पोरे शाळेच्या मैदानावर असताना, हवा एकाएकी वाईट होऊ शकते. सूचीत चिमणीची उंची लिहायची राहिली, तर यंत्र तो सारा धूर जमिनीवरच सोडते आणि भलत्या वेळी भलत्या गावाचे नाव घेते.

तिसरा प्रश्न, काय. धूर म्हणजे एक वस्तू नव्हे. त्यात काजळी आहे, राख आहे, नाना वायू आहेत. अडीच मायक्रॉनहून बारीक कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान असतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. शिवाय काही कण चिमणीतून निघतच नाहीत, ते वाटेत तयार होतात. चिमणीतला सल्फर डायऑक्साइड, मोटारींतले नायट्रोजनचे वायू आणि शेणखतातून व युरियातून सुटणारा अमोनिया हवेत एकत्र येतात आणि त्यांचे बारीक कण बनतात. म्हणजे कोराडीच्या चिमणीचा वायू आणि सावनेरच्या शेतातला अमोनिया यांची गाठ हवेत पडते. म्हणून सूचीत नुसते ‘धूर’ लिहून भागत नाही. कोणता पदार्थ किती, याची फोड करून द्यावी लागते.

सूची करणाऱ्याने शेवटी पुन्हा बेरीज करून पाहायची असते. चौकटींत आणि तासांत वाटून दिलेला सारा धूर एकत्र केला, तर मूळचा जिल्ह्याचा आकडा परत यायला हवा. तो आला नाही तर कुठेतरी टन आणि किलो यांची अदलाबदल झालेली असते, किंवा दिवसाचा आकडा वर्षाच्या रकान्यात पडलेला असतो, किंवा एकाच भट्टीची नोंद उद्योग खात्याच्या यादीतून एकदा आणि तालुक्याच्या यादीतून पुन्हा एकदा आलेली असते. पतपेढीच्या चिटणिसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, शास्त्रज्ञांचा हिशेब चुकला तर आम्हां खेड्यातल्या माणसांना त्याचे काय? आणेवारी चुकली तर काय होते, ते आठवा. पीक बुडालेले असते, पण कागदावर पन्नास पैशांच्या वर दाखवले जाते आणि दुष्काळाच्या सवलती दुसऱ्या गावाला मिळतात. धुराच्या हिशेबातही हेच होते. हवा मोजणारी यंत्रे मुख्यतः शहरांत बसवलेली आहेत. स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम शहरांसाठी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने हवेसाठी जो वेगळा निधी ठेवला, तो दहा लाखांवर वस्तीच्या शहरांना. ज्या गावात यंत्र नाही, त्या गावाच्या हवेबद्दल बोलणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे प्रतिमान. आणि प्रतिमान तेवढेच बोलते, जेवढे सूचीत लिहिलेले असते.

राखेचेच घ्या. वीज केंद्रांची राख पाण्यात कालवून मोठमोठ्या तलावांत सोडतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील अशाच तलावाचा बांध फुटला, आणि राखेचे पाणी आसपासच्या शिवारात व नाल्यात गेले. त्याची बातमी झाली. पण उन्हाळ्यात तलावाचा काठ सुकतो, वारा सुटतो आणि कोरडी राख अंगणातल्या वाळवणावर येऊन बसते, याची बातमी होत नाही. ही राख चिमणीतून आलेली नसते. म्हणून चिमण्यांच्या यादीत ती सापडत नाही. सूची करणाऱ्याने आठवणीने ‘राखेचा तलाव’ असा वेगळा रकाना उघडला, तरच ती हिशेबात येते. नाही तर गावकऱ्याने खाल्लेली राख सरकारी कागदावर शून्य राहते.

उलटही होते. शेतातल्या आगी उपग्रह टिपतात. पण उपग्रह ठरावीक वेळेला डोक्यावरून जातो, मुख्यतः दुपारी आणि मध्यरात्रीनंतर. संध्याकाळी सहाला पेटवून आठला विझलेली पऱ्हाटीची लहानशी आग त्याला दिसत नाही. मग कुणी म्हणते, विदर्भात शेतकरी काही जाळतच नाही. आणि दुसरा कुणी पंजाबकडचा आकडा उचलून आपल्या माथी मारतो. दोन्ही गोष्टी चूक. खरे काय ते गावालाच ठाऊक असते.

म्हणून शिक्षकबंधू आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. गावच्या धुराची वही शाळेत ठेवता येईल. तिला खर्च नाही. सातवी-आठवीच्या मुलांनी महिन्यातून एकदा आपापल्या घरी विचारायचे: स्वयंपाक कशावर झाला, आठवड्यात लाकूड किती लागले, गॅसची टाकी किती दिवस पुरली. लाकडाचा भारा एकदा काट्यावर तोलून घ्यावा, अंदाजाने लिहू नये. गावच्या नकाशावर चौकटी आखाव्यात आणि वीटभट्टी, भाताची गिरणी, कचरा जाळण्याची जागा, कच्चा रस्ता यांच्या खुणा कराव्यात. भट्टी कोणत्या महिन्यात पेटली, कोणत्या महिन्यात विझली, हे लिहावे. शेत पेटलेले दिसले तर तारीख आणि वेळ लिहावी, मालकाचे नाव लिहू नये. ही वही कुणाला पकडण्यासाठी नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. लोकांना तशी शंका आली तर खरे आकडे मिळणार नाहीत.

या वहीतून मुले गुणाकार, सरासरी, नकाशा आणि ऋतुमान एकाच ठिकाणी शिकतील. शिवाय चुलीपुढे रोज किती तास आई बसते, हेही त्यांच्या वहीत येईल. वर जे वर्षाचे सव्वादोन टन आपण काढले, ते वीज केंद्राच्या मानाने किरकोळ वाटतात. पण चिमणीचा धूर २७५ मीटरांवर सुटतो, आणि चुलीचा धूर आईच्या नाकापासून दोन हातांवर. आपल्या देशाने २००९ मध्ये ठरवलेल्या मानकानुसार एक घनमीटर हवेत या बारीक कणांचे वर्षाचे सरासरी प्रमाण ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ सांगितली. चूल पेटलेल्या बंद स्वयंपाकघरात हे दोन्ही आकडे केव्हाच मागे पडलेले असतात. तेव्हा वहीतला चुलीचा रकाना लहान समजून गाळू नका.

अशी दहा-वीस गावांची वर्षभराची नोंद तयार झाली, तर ती जिल्ह्याच्या ठिकाणी, महाविद्यालयाकडे किंवा संशोधन संस्थेकडे पाठवता येईल. संगणक कितीही मोठा असला तरी तुमच्या गावात एक भारा लाकूड किती दिवस पुरते हे त्याला कुणीतरी सांगावेच लागते. पुढच्या थंडीत गावावर तो निळसर पट्टा येईल. तोवर निदान एका वर्गाने वही उघडलेली असावी, आणि तिच्या पहिल्या पानावर तारीख, घरांची संख्या आणि तोललेल्या लाकडाचे वजन लिहिलेले असावे.